संस्था टिकते कशाच्या जोरावर? डबेवाले, लिज्जत आणि आपली सोसायटी

घाटमाथा:

आमच्या कंपनीत दर दीड-दोन वर्षांनी 'रीस्ट्रक्चरिंग'ची लाट येते. नवा तक्ता निघतो, चौकोन इकडचे तिकडे होतात, कुणाच्या हुद्द्याआधी 'सीनियर' लागतं, कुणाचं निघतं. महिनाभराने बघावं तर आधी ज्या दोन-तीन जणांना फोन केला की कामं व्हायची, त्यांनाच फोन करून आताही होत असतात. तक्ता भिंतीवर, कारभार फोनवर.

मग नीट बांधलेली संस्था म्हणायचं तरी कशाला? माझं म्हणणं थोडक्यात असं: मिळकतीची वाटणी आणि झालेल्या चुकांचा निवाडा, या दोन गोष्टी प्रत्यक्ष काम होतं त्याच पातळीवर होत असतील तर संस्था टिकते. वर अध्यक्ष कोण, त्याचं व्हिजन काय, याला त्यामानाने किंमत कमी.

मुंबईच्या डबेवाल्यांचं घ्या. (हो, घासून गुळगुळीत झालेलं उदाहरण आहे. पण लोक अचूकतेचं कौतुक करून थांबतात, हिशेबाकडे कुणी बघत नाही.) १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेलं हे काम. विलेपार्ल्याहून निघणाऱ्या डब्याच्या झाकणावर रंगाने अशी काहीशी खूण असते: 'ई, व्हीएलपी, ९ ईएक्स १२, ३'. 'ई' म्हणजे घरून डबा उचलणारा. 'व्हीएलपी' म्हणजे रिकामा डबा परत जायचं स्टेशन, विलेपार्ले. '३' म्हणजे शहरातलं ठिकाण, समजा नरिमन पॉइंट. '९' हा तिथे पोचवणारा माणूस, 'ईएक्स' म्हणजे एक्स्प्रेस टॉवर्स, '१२' म्हणजे मजला. डबा तीन-चार हातांतून जातो आणि ज्याने त्याने आपल्यापुरतं वाचायचं. गिऱ्हाइकाचं नाव कुठेच नाही, पत्ता नाही. पार्ल्यात सायकलवर फिरणाऱ्याला एक्स्प्रेस टॉवर्स कुठे आहे हे ठाऊक नसलं तरी काही अडत नाही. आमच्याकडे एका ईमेलच्या सीसीत पंधरा जण असतात आणि उत्तर द्यायचं कुणी हे त्यांतल्या एकालाही माहीत नसतं.

आता हिशेब. वीस-पंचवीस जणांचा गट, त्याला एक मुकादम. मुकादम स्वतः डबे वाहून वर आलेला. महिन्याचे पैसे गटच गोळा करतो, रेल्वेचा पास वगैरे खर्च निघाला की उरतं ते सारखं वाटून घेतो. नवा माणूस येतो तो सायकली, लाकडी क्रेट, कपडे, टोपी यांची स्वतःची सोय करून, म्हणजे पदरचे पैसे घालून येतो. एखाद्याच्या आळसामुळे गिऱ्हाईक तुटलं तर चटका अख्ख्या गटाला बसतो, म्हणून आळशाला समज द्यायला एचआर लागत नाही. वरची असोसिएशन आहे, ती रेल्वेशी बोलते, गटागटांत वाजलं तर मिटवते, दंड करते. डबा कसा न्यायचा यात ती पडत नाही.

तुमच्या बघण्यातल्या संस्था या मापात बसतात का? सोसायटी, शाळा, पतपेढी, काहीही चालेल. गणपती मंडळांवर कृपया वेगळा धागा काढा, नाहीतर डॉल्बीवर घसरेल सगळं.

---

निवांत_बसलोय:

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. येऊ द्या.

---

गिरणगावकर:

घाटमाथा राव, चांगलं लिहिलंयत, पण मुख्य गोष्ट गाळलीत. गाव.

डबेवाले बहुतेक सगळे पुणे जिल्ह्याच्या मावळपट्टीतले. खेड, जुन्नर, आंबेगाव, मावळ, मुळशी. एकाच गटात चुलते, मेहुणे, भाचे. न सांगता दांडी मारली तर दंड होतो खरा, पण त्या माणसाला खरी भीती असते ती गावात तोंड दाखवायची. चैत्रात गावोगावच्या यात्रांसाठी अख्खी सेवा काही दिवस बंद ठेवतात. मुंबईच्या गिऱ्हाइकाला त्या आठवड्यात बाहेर जेवावं लागतं आणि तो मुकाट जेवतो. सांगा, कुठल्या कुरिअर कंपनीला हे जमेल?

म्हणून मला वाटतं, तुम्ही ज्याला रचना म्हणता ती गावकी आहे. गटवार हिशेब हा तिचा परिणाम. उद्या हाच नियम वेगवेगळ्या राज्यांतून आलेल्या, एकमेकांना न ओळखणाऱ्या वीस पोरांना लावा, दुसऱ्या महिन्यात वाटणीवरून डोकी फुटतील.

ताजा कलम: सिक्स सिग्माचं (म्हणजे कामात चुका जवळजवळ होतच नाहीत असं) 'सर्टिफिकेट' त्यांना मिळालंय असं कुणी लिहायच्या आत सांगतो, असं कुणी तपासून दिलेलं नाही. १९९८ साली फोर्ब्जमध्ये लेख आला, तेव्हापासून ही दंतकथा फिरतेय. साठ किलोच्या वर वजनाचा क्रेट डोक्यावर घेऊन लगेजच्या डब्यात चढणाऱ्या माणसाचं कौतुक करायला सिग्मा लागत नाही.

---

शेवंती:

गिरणगावकर, गावकीशिवाय चाललेलं उदाहरण तुमच्या शेजारीच आहे, गिरगावात. लिज्जत.

१५ मार्च १९५९. लोहाणा निवासात सात जणी गच्चीवर पापड लाटायला बसल्या. भांडवल ८० रुपये, तेही छगनलाल करमसी पारेख यांच्याकडून उसने. पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपये. पहिल्याच पावसाळ्यात चार महिने काम बंद ठेवावं लागलं कारण पापड वाळेनात. पुढच्या पावसाळ्यात त्यांनी खाट आणि स्टोव्ह आणला. खाटेवर पापड, खाली स्टोव्ह. सुरुवातीला एक चांगल्या प्रतीचा आणि एक स्वस्तातला असे दोन पापड करायच्या, छगनबाप्पांनी सांगितलं की एकच करा, उत्तम करा. माझ्या मते त्या एका निर्णयाने पुढची निम्मी भांडणं आधीच मिटली. दोन प्रती असत्या तर कुणाचा पापड कुठल्या ढिगात जायचा यावर रोज कटकट झाली असती.

आज हजारो बहिणी आहेत. जात, धर्म, गाव काही सारखं नाही. माझी मावशी लाटायची, त्यामुळे काम कसं चालतं ते जवळून पाहिलंय. सकाळी लवकर शाखेत जायचं, कालचे पापड द्यायचे, वजन व्हायचं, बघितले जायचे, त्याच वेळी लाटणावळ हातात, आणि आजचं मळलेलं पीठ डब्यात घेऊन घरी. पीठ शाखेत एकाच ठिकाणी मळतात, म्हणून चव सगळीकडे सारखी. लाटणं घरोघर, म्हणून कारखान्याची जागा लागत नाही. घरी स्वच्छता आहे का, वाळवायला जागा आहे का, हे आधी येऊन बघून जातात. मावशीच्या पापडाची कड एकदा जाड आली तेव्हा ते दुसऱ्या दिवशी सकाळीच, तिच्यासमोर, तिच्याचसारख्या लाटणाऱ्या बाईने सांगितलं. वर्षअखेरच्या अप्रेझलची वाट बघितली नाही.

आणि पुरुष पगारावर नोकरी करू शकतात, मालक नाही होऊ शकत. हा नियम मला फार आवडतो, कारण विचारा.

---

निवांत_बसलोय:

विचारलं. कारण?

---

शेवंती:

कारण नाहीतर एव्हाना कुणाचा तरी नवरा 'मार्गदर्शक' झाला असता.

---

हिशेबनीस:

खिक्. शेवंतीताई, बाडीस (बाय डिफॉल्ट सहमत).

सहकारी संस्थांची लेखापरीक्षणं करण्यात माझी हयात गेली, म्हणून थोडं पाणी ओतते.

महाराष्ट्रातल्या सगळ्या सहकारी संस्थांना १९६० चा एकच कायदा. एक सभासद, एक मत. उपविधी जवळपास छापील. तरी एका तालुक्यातला कारखाना वेळेवर उसाचं बिल देतो आणि पलीकडच्या तालुक्यातल्याच्या गेटला कुलूप. रचना कागदावर तंतोतंत सारखी. तेव्हा रचनेमुळे संस्था चालते असं सरसकट म्हणू नका.

प्रवरेचा कारखाना १९५० साली उभा राहिला तेव्हा विठ्ठलराव विखे पाटील गावोगाव फिरून शेतकऱ्यांकडून भागभांडवल गोळा करत होते आणि अध्यक्षपदी धनंजयराव गाडगीळांसारखा अर्थतज्ज्ञ होता. लोकांनी पोटाला चिमटा काढून शेअर घेतले होते. ज्याचा शेअर त्याचं लक्ष. पुढे कारखाने वाढले तसं शासनाचं भागभांडवल आलं, कर्जाला शासनाची हमी आली. म्हणजे नफा झाला तर सभासदाचा आणि बुडालं तर सरकार बघेल. तिथून नोकरभरती सुरू झाली. एका कारखान्याच्या हजेरीपटावर मी असे शिपाई पाहिलेत की त्यांना बसायला बाकं पुरली नसती. निवडणुकीच्या वर्षात उसाला परवडेल त्याहून जास्त भाव जाहीर करायचा आणि फरक कर्जातून भागवायचा, हेही पाहिलंय. ताळेबंदात ते 'उचल' म्हणून निवांत बसलेलं असतं.

घाटमाथा, तुम्ही मिळकतीच्या वाटणीबद्दल लिहिलंत. तोट्याची वाटणी कुठे होते ते बघा, तिथे संस्था कळते. लिज्जतमध्ये शाखेचा नफा आणि तोटा दोन्ही त्या शाखेतल्या बहिणींचा. देणगी घ्यायची नाही हेही त्यांनी सुरुवातीलाच ठरवलं. हे भाबडं तत्त्व वाटतं, पण त्यामागे पक्का व्यवहार आहे. देणगी आली की देणाऱ्याचं ऐकावं लागतं, आणि तोटा झाला तरी झोप लागते.

---

बे_एरियातला_बंड्या:

इकडच्या एका महाराष्ट्र मंडळाच्या कार्यकारिणीत होतो. (नाव नको, पुढच्या गुढीपाडव्याला जेवायला जायचंय.) दरवर्षी नवी समिती. म्हणजे दरवर्षी नव्याने शोध: हॉलवाल्याचं डिपॉझिट परत आलं का, गेल्या वर्षीचा केटरर का सोडला, बँकेत सही कुणाची, वेबसाइटचा पासवर्ड कुणाकडे. एका वर्षी पासवर्ड ज्याच्याकडे होता तो टेक्सासला गेला आणि आम्ही तीन महिने जुन्या दिवाळीचं पोस्टर मिरवत होतो.

चुकांचा निवाडा तर लांबच. सगळे स्वयंसेवक. ज्याने काम अंगावर घेऊन केलं नाही त्याला बोलायचं कसं? 'फुकट करतोय ना' हे वाक्य तयार असतं. जिथे पगारही नाही आणि वाटणीही नाही तिथे तुमचा सिद्धांत काय करणार?

---

तिरकी_रेघ:

बंड्या, तुमच्या प्रश्नाला सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी पुण्यात उत्तर शोधून झालंय, आणि त्यात दोन थोर माणसांची मैत्री गेली.

डेक्कन एज्युकेशन सोसायटी, १८८४. दुसऱ्या वर्षी फर्ग्युसन. चिपळूणकर तेव्हा हयात नव्हते, पण टिळक, आगरकर, आपटे, केळकर, नामजोशी ही सगळी मंडळी एकेक संस्था पेलतील अशी. त्यांनी नियम केला आजीव सभासदाचा: वीस वर्षं सेवा, महिना ७५ रुपये, आणि विमा. बाहेर यापेक्षा कितीतरी जास्त मिळालं असतं. सगळ्यांना सारखं, हा त्यातला कणा. मग कुणाच्या घरची अडचण म्हणून जादा रक्कम द्यायची का, वेळात वेळ काढून बाहेरचं काम करून मिळवायचं का, यावरून धुसफूस सुरू झाली. टिळकांचं म्हणणं, सगळा वेळ संस्थेचा, बाहेरची मिळकत नको. इतरांचं म्हणणं, एवढं ताणू नका. १८९० मध्ये, आजीव सभासदांपैकीच एक असलेल्या गोखल्यांनी सार्वजनिक सभेचं (पुण्यातली राजकीय संस्था) चिटणीसपद घेतलं तेव्हा तुटलं आणि टिळकांनी राजीनामा दिला. तोही साधासुधा नाही, सविस्तर कैफियतच म्हणा.

शाळेत हे टिळक विरुद्ध आगरकर, आधी राजकीय की आधी सामाजिक, असं शिकवतात. ते होतंच. पण संस्थेतली फूट बघायला गेलं तर वाद होता भत्त्याचा आणि वेळेचा.

आता गंमत. ज्यांच्या बाहेरच्या कामावरून ठिणगी पडली त्या गोखल्यांनी १९०५ साली भारत सेवक समाज काढला. त्याच्या सदस्यांनी घ्यायच्या सात शपथांत एक अशी की संस्था माझी आणि कुटुंबाची जी सोय करील त्यात समाधान मानेन आणि स्वतःसाठी पैसे मिळवण्यात शक्ती खर्च करणार नाही. म्हणजे टिळकांचा मुद्दाच की! फरक एवढा की तो आता आत येण्याआधी, तोंडावर, लेखी सांगितलेला होता.

स्वयंसेवी कामात वाटणी पैशाची नसते, वेळेची असते. ती आधी बोललीत तर पुढे निवाडा करता येतो. 'जमेल तसं करू' असं म्हणून सुरू झालेल्या मंडळात निवाडा करायला काही उरतच नाही.

---

घाटमाथा:

धागा माझ्या हातातून गेलाय आणि मजा येतेय.

हिशेबनीसताई, तोट्याचं पटलं. डबेवाल्यांनाही ते लागू होतं, तिथे हमी द्यायला कुणी नाही.

गिरणगावकर, गावकीचं अर्धंच मान्य. गावकी तर आपल्या भावकीच्या बांधावरच्या भांडणातही असते की! पिढ्यान्पिढ्या कोर्टात जाणारी माणसं एकमेकांना चांगलीच ओळखत असतात. ओळख पुरत नाही. शेवंतीताईंच्या मावशीला पापडाची कड जाड आल्याचं दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं, हे मला जास्त मोलाचं वाटतं. डबेवाल्यालाही डबा चुकला तर दुपारी दीडच्या आत कळतं, कारण भुकेलं गिऱ्हाईक संध्याकाळपर्यंत थांबत नाही. आमच्या कंपनीत चूक कळेपर्यंत ती करणारा प्रमोशन घेऊन दुसऱ्या खात्यात गेलेला असतो.

तिरकी रेघ, यावर स्वतंत्र लेख लिहा. आग्रहाची विनंती.

---

टेलला_शेत:

बरेच दिवस वाचतोय, पहिल्यांदा लिहितोय. नाशिककडचा आहे.

आमच्याकडे वाघाड धरण आहे, दिंडोरी तालुक्यात. माझं शेत कालव्याच्या टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला. टेल म्हणजे काय ते शेतकऱ्याला विचारा. हेडवाला, म्हणजे कालव्याच्या तोंडाशी असलेला, उसाला पाणी देतो, मधला चोरून मोटर टाकतो, आणि आमच्यापर्यंत येतो तो फक्त कालव्याचा नकाशा. नव्वदच्या सुमारास ओझर भागात समाज परिवर्तन केंद्राच्या बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांनी टेलच्या शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्था उभ्या केल्या. लक्षात घ्या, सुरुवात टेलकडून झाली. हेडवाल्याला गरजच नव्हती. पुढे वरच्या भागातही संस्था झाल्या आणि सगळ्यांचा मिळून एक महासंघ झाला. २००५ साली राज्याचा कायदाच आला, सिंचनाचं व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे द्यायचा.

आधी पाणीपट्टी पिकावर आणि एकरावर असायची. तेवढी भरली की कितीही पाणी घ्या. आता संस्थेला पाणी मोजून मिळतं, घनमीटरवर. कोटा ठरलेला. कोटा वाचला तर तो आमचाच. त्यामुळे शेजाऱ्याने चारी (कालव्यातून शेताकडे पाणी नेणारा छोटा पाट) फोडली तर ते सरकारचं नुकसान राहिलं नाही, माझ्या पुढच्या पाळीचं झालं. घाटमाथा साहेब, तुम्ही जे वर म्हणताय ते आमच्याकडे असं झालं. कुणाचं मन वगैरे बदललं नाही.

---

तिरकी_रेघ:

सुंदर प्रतिसाद! एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते याच प्रकारच्या कामाबद्दल. पाणी, कुरणं, मासेमारी लोक आपापसांत कशी सांभाळतात याचा जन्मभर अभ्यास. त्यांना आढळलेल्या गोष्टींपैकी एक अशी की टिकलेल्या ठिकाणी पहिल्या चुकीला शिक्षा अगदी हलकी असते आणि चूक वाढत गेली तर ती वाढत जाते. आपल्या सोसायट्या थेट वकिलाच्या नोटिशीपासून सुरुवात करतात.

---

गिरणगावकर:

टेलला_शेत, लिहीत राहा दादा.

एक कडू गोष्ट मात्र सांगायलाच हवी, कारण वर सगळं फार गोड होत चाललंय. मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाली. सर्वसामान्यांना ती फेब्रुवारी २०२१ मध्ये ठरावीक वेळांपुरती मिळाली, एप्रिलमध्ये पुन्हा बंद झाली, आणि मग १५ ऑगस्ट २०२१ ला सुरू झाली, तीही दोन डोस घेतलेल्यांना. एवढा काळ डबेवाल्यांनी काय केलं? गावाला भात लावला, कुणी वॉचमन झालं, कुणी रिक्षा धरली. ऑफिसं उघडली तरी आठवड्यातून दोन-तीन दिवसच, आणि हातात मोबाइलवर जेवण मागवायची सोय. गिऱ्हाईक पूर्वीसारखं परत आलंच नाही.

गट होता, मुकादम होता, वाटणी होती, निवाडा होता. पण वाटायला काही येईना त्याला गट काय करणार? शिलकीत काही ठेवायची सवयच या पद्धतीत नाही, महिन्याचं आलेलं महिन्याला वाटून मोकळे. लोकलच्या वेळापत्रकाला शिवून बसवलेली रचना, लोकल थांबली की उसवली. त्याला त्यांचा दोष म्हणणार नाही मी. पण 'टिकते' हा शब्द धाग्याच्या नावात आहे म्हणून लिहिलं.

---

हिशेबनीस:

+१. राखीव निधी. कायद्याने सहकारी संस्थेला नफ्यातला हिस्सा तिथे टाकावाच लागतो, आणि सर्वसाधारण सभेत सगळ्यात जास्त शिव्या त्यालाच पडतात.

---

निवांत_बसलोय:

टेलला_शेत, एक बाळबोध प्रश्न. पाणी मोजतात कसं? आणि रात्री-बेरात्री कोण बघतं?

---

टेलला_शेत:

चारीच्या तोंडाशी पक्कं बांधकाम असतं, ठरावीक मापाचं. तिथे पट्टी लावलेली. पाण्याची उंची वाचायची आणि तक्त्यात बघायचं, सेकंदाला किती लिटर जातंय ते कळतं. तेवढे तास, तेवढं पाणी. वही ठेवतात, ती कुणीही बघू शकतो.

रात्री पाटकरी (पाणी सोडणारा-बंद करणारा माणूस) बघतो. आणि ज्याची पाळी असते तो स्वतः बॅटरी घेऊन जातो, कारण विश्वास असला तरी पाणी मोजूनच घेतलेलं बरं. पाटकऱ्याचा पगार संस्था देते, इरिगेशन खातं नाही.

---

घाटमाथा:

हे शेवटचं वाक्य वाचून आमच्या सोसायटीचा वॉचमन आठवला. पगार एजन्सी देते, बदली एजन्सी करते, रजा एजन्सी देते. आम्ही फक्त व्हॉट्सॲपवर तक्रार करतो. हिशेबनीसताई, एजन्सी काढून सोसायटीने थेट माणूस ठेवला तर काय काय अंगावर येतं?

---

हिशेबनीस:

किमान वेतन, बोनस, रजा, आठवड्याची सुट्टी, आणि सुट्टीच्या दिवशी बदली माणूस. माणसं किती त्यावर पीएफचंही बघावं लागेल. मुंबई-ठाण्यात असाल तर सुरक्षारक्षक मंडळाचे नियम वेगळे, ते आधी विचारून घ्या. अशक्य काही नाही, पण सेक्रेटरीला दर महिन्याला बसून करावं लागतं. तुमच्या समितीत तसं कुणी आहे का ते आधी बघा, मग सप्टेंबरच्या सभेत विषय ठेवा. आणि विषयपत्रिकेत लिहून ठेवा, 'आयत्या वेळच्या विषयां'त घुसवू नका.